मॉड्यूल जोडायची ड्रिलिंग जिग: भोकांची मापं कशावरून धरायची?

रूळकरी

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून मॉडेल रेल्वेची, एचओ गेजमध्ये (दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी), मॉड्यूल म्हणजे एकमेकांना जोडायचे सुटे तुकडे करायला घेतोय. प्रत्येक जण आपापल्या घरी बनवणार आणि भेटलो की सगळी जोडून गाड्या पळवणार. अट एकच आहे: कुणाचंही कुठलंही टोक कुणाच्याही कुठल्याही टोकाला लागलं पाहिजे, मॉड्यूल फिरवून उलट बाजूने लावलं तरी.

एंडप्लेट, म्हणजे मॉड्यूलच्या टोकांच्या फळ्या, १८ मिमी प्लायच्या ठरल्यात. जोडाला दोन एम ८ बोल्ट आणि नेमकं बसावं म्हणून दोन पिना. इथवर एकमत आहे. पुढे एकाचं म्हणणं, आराखडा कागदावर छापायचा, प्लायवर चिकटवायचा, पंच मारून भोकं पाडायची, विषय संपला. दुसऱ्याला धातूची जिग (ड्रिलचं बिट जागेवर धरणारा साचा) हवीय. मी मध्ये अडकलोय. कागदावर भागेल का? जिग करायची तर कशाची? आणि मापं कुठून धरायची, प्लायच्या वरच्या कडेपासून की मधोमध आखलेल्या रेषेपासून?

कानसवाला

कागदावर भागणार नाही. आधी किती चूक परवडते ते बघा. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या आरपी-२५ या चाकांच्या शिफारशीनुसार एचओच्या नेहमीच्या कोड ११० चाकाची फ्लँज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड) जास्तीत जास्त ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिमी खोल असते. सांध्यावर एक रूळ दुसऱ्यापेक्षा अर्धा मिमी वर किंवा आत आला की चाकाला धरून ठेवायला काही उरतच नाही. पाव मिमीच्या आत राहायचं, तेही सगळ्या चुकांची बेरीज धरून.

कागद गोंदाने ओला झाला की ताणतो आणि प्रिंटर माप थोडं लहान-मोठं करतो, ते वेगळंच. खरी अडचण त्यापुढची आहे. पंच अगदी जागेवर मारला तरी हातातल्या ड्रिलचं टोक प्लायमध्ये सरकतं. वरच्या थराचे रेषे एका दिशेला, खालच्याचे दुसऱ्या, मध्येच एखादी गाठ. बिट मऊ बाजूकडे झुकतं आणि ते तुम्हाला भोक पाडून झाल्यावर कळतं. बिटाला सुरुवातीपासून दोन्ही बाजूंनी धरून ठेवायला कडक बुश, म्हणजे छोटी नळी, लागते. म्हणून जिग.

मापं कुठून धरायची याचं उत्तर: कडेपासूनही नाही आणि रेषेपासूनही नाही. रुळापासून. त्यावर सवडीने लिहितो.

सुरंगी

मी एन गेजवाली (९ मिमी), त्यामुळे माझी सहनशक्ती तुमच्याहून कमी. :) पण एक प्रश्न आधी विचारते. पिना हव्यातच कशाला?

मोठ्या मॉड्यूल संघटना काय करतात बघा. एनट्रॅकवाले सी-क्लॅम्पने टेबलं आवळतात आणि दोन्हीकडचे रूळ सांध्याच्या थोडे आधी थांबवून मध्ये छोटा जोडरूळ टाकतात. फ्री-मोमध्ये सिंगल लाइनची एंडप्लेट २४ इंच रुंद, रूळ बरोबर मध्यावर, जमिनीपासून ५० इंचांवर, आणि तिथेही क्लॅम्पच. युरोपातल्या फ्रेमोने (१९८१ पासून चालू आहे) बोल्टची भोकं बोल्टपेक्षा मुद्दाम मोठी ठेवलीयत. बोल्ट ढिले लावायचे, बोटाने चाचपत रुळाला रूळ जुळवायचा, मग आवळायचं. अनोळखी माणसांची मॉड्यूलं वर्षानुवर्षं अशीच जुळतायत.

कानसवाला

सुरंगी, तुमचा मुद्दा खरा आहे आणि शेकडो लोकांची संघटना असेल तर मीही तेच करीन. तिथे सगळ्यांना एकच जिग पुरवणं शक्यच नसतं. पण ही मूठभर माणसं आहेत, जिग हातोहात फिरू शकते. शिवाय बोटाने जुळवायला प्रत्येक सांध्यावर वेळ जातो आणि दिवसभरात कुणाचा धक्का लागला की तो सांधा पुन्हा हलतो. पिन हलू देत नाही. त्यामुळे कामं वाटून द्या: पिनेने जागा धरायची, बोल्टने फक्त आवळायचं. बोल्टची भोकं १० मिमी ठेवा, निवांत. पिन आणि बोल्ट दोघांनीही जागा धरायचा प्रयत्न केला की भांडण होतं आणि त्यात प्लाय दबतं.

आता जिगचं. एंडप्लेटकडे नेहमी बाहेरून, म्हणजे जोडाच्या तोंडाकडून बघायचं. माझ्या प्लेटचं डावं भोक समोरच्याच्या उजव्या भोकासमोर येतं. म्हणजे दोन भोकांचा मध्य रुळांच्या मध्यापासून अर्धा मिमी उजवीकडे सरकला असेल, तर समोरच्याचाही त्याच्या उजवीकडे सरकलाय, जी माझी डावी. सांध्यावर रूळ एकमेकांपासून एक मिमी दूर. जिगमधली चूक सांध्यात दुप्पट होते. सगळ्यांनी एकच जिग वापरली तरीही होते, हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही.

मधलं_स्टेशन

मलाही नाही आलं. एकाच जिगने पाडलेली भोकं एकमेकांना जुळणारच ना? एक प्लेट दुसरीवर ठेवली तर सगळी भोकं आरपार दिसतील.

कानसवाला

एकावर एक ठेवली तर दिसतील, पण मॉड्यूलं एकावर एक लागत नाहीत, समोरासमोर लागतात. नमस्कार करताना डाव्या-उजव्या हाताची बोटं जुळतात. आता दोन माणसांचे उजवेच पंजे समोरासमोर लावून बघा, अंगठा करंगळीवर जातो. इथे सगळ्यांच्या एंडप्लेट म्हणजे उजवेच हात आहेत. ते समोरासमोर जुळायचे तर हाताला डावं-उजवं असताच कामा नये.

मधलं_स्टेशन

आत्ता कळलं. बायकोलाही पंजा लावायला लावला. वाचनखूण साठवली.

शंटर

धागा पंजे लढवण्याकडे चाललाय याची संपादकांनी नोंद घ्यावी.

रूळकरी

कानसवाला, मग जिगमध्ये भोकं मध्यरेषेपासून दोन्हीकडे बरोबर समान अंतरावर पाडायची? माझ्याकडे साधं बेंच ड्रिल आणि व्हर्निअर आहे. मिलिंग मशिन नाही.

कानसवाला

उलट करा, म्हणजे मशिन लागणार नाही. कुठल्याही दोन भोकांना त्यांचा स्वतःचा मध्य असतोच, आणि त्या मध्यापासून ती दोन्ही समान अंतरावरच असतात. तेव्हा आधी भोकं पाडून बुश बसवा. अंतर २०० च्या जागी १९९.६ आलं तरी बिघडत नाही, सगळ्यांची भोकं त्याच जिगमधून जाणार आहेत. मग त्या भोकांच्या मध्यावर रुळाची बैठक सरकवून आणायची. बैठक हलवता येते, भोक हलवता येत नाही.

प्लेट १६ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची घ्या. बुश डिन १७९ या जर्मन मानकाची, बिनकॉलरची, आतून ८ मिमी, लांबी १६. बुशची लांबी ड्रिलच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असली म्हणजे बिट तिरकं होत नाही. प्लेट आणि बुश एकाच जाडीची सांगतोय त्यालाही कारण आहे: बुश दोन्ही बाजूंना सपाट हवं, जिग दोन्ही तोंडांनी लावायचीय.

वरच्या कडेवर एक आडवा ठोकळा, प्लेटच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे निघालेला. ठोकळ्याच्या खालच्या अंगाला मध्ये एक जीभ, दोन रुळांच्या आत बसेल अशी, जेमतेम १६.५. जिभेच्या दोन्ही बाजूंचे खांदे रुळांच्या माथ्यावर टेकतात. म्हणजे आडवी जागा जिभेने ठरते आणि उंची खांद्यांनी. ठोकळा दोन स्क्रूने प्लेटला लावा, पण स्क्रूची भोकं लांबट ठेवा.

तपासणी अशी. भंगार प्लायच्या तुकड्यावर वर फूटभर रूळ पक्का करा. त्यावर जिग बसवा, दोन्ही भोकं पाडा. आता जिग उचला, मागचं तोंड पुढे करून पुन्हा त्याच रुळावर बसवा आणि पिना घाला. दोन्ही पिना अलगद गेल्या तर जिगला डावं-उजवं उरलेलं नाही. नाही गेल्या तर जेवढा फरक दिसतो तो दुप्पट दिसतोय, म्हणून ठोकळा त्याच्या निम्मा सरकवा. नवीन तुकडा घ्या, परत तेच. एक पिन वर अडकते आणि दुसरी खाली, असं झालं तर भोकांची रेषा रुळाच्या माथ्याला समांतर नाही. तेव्हा एका खांद्याखाली पितळी पत्र्याची चिंधी घाला.

लाकूडतोड्या

सुंदर प्रतिसाद. भोक पाडताना काय पाळायचं ते मी सांगतो, कारण चांगली जिगही घाईत वाया जाते.

जिग क्लॅम्पने आवळा, हाताने धरू नका. पहिलं भोक झालं की लगेच त्यात पिन ठोका आणि मगच दुसऱ्याकडे जा. ड्रिल चालू असताना कंपनाने जिग केसभर तरी सरकतेच, आणि पिन नसेल तर तो केस दोन भोकांच्या अंतरात जमा होतो. बिट बुशमध्ये घालून मग मशिन चालू करायचं. फिरतं बिट बुशच्या तोंडावर आपटलं तर बिटही जातं आणि बुशही. मागे भंगार फळी दाबून धरा, नाहीतर मागचा थर चिरफाळून निघतो. दोन-तीनदा बिट बाहेर काढून भुसा झटका. भुसा दाटला की बिट तापतं आणि भोक मोठं होतं.

आता ज्याबद्दल कुणीच बोललेलं नाही ते. पिना जुळल्या म्हणजे रूळ सरळ रेषेत आला असं नाही. एंडप्लेट रुळाला काटकोनात आहे का? ५०० मिमी रुंद प्लेट एका टोकाला अर्धा मिमी पुढे असेल तर १२०० मिमीच्या मॉड्यूलचं दुसरं टोक १.२ मिमी बाजूला जातं. तेवढं सरळ लाइनीत खपतं, पण मॉड्यूलं गोल फिरवून परत पहिल्याला जोडायची झाली की सगळ्यांचे दोष शेवटच्या सांध्यावर येऊन बसतात. उभ्यातही तेच. प्लेट ओळंब्यात नसेल तर बोल्ट आवळल्यावर मॉड्यूलचं पलीकडचं टोक वर उचललं जातं आणि पाय हवेत लोंबतात. जिग यातलं काहीच पकडत नाही. तिथे गुण्याच लागतो, तोही मोठा, आणि सांगाड्याचे कर्ण मोजून बघायला लागतात.

सुरंगी

कर्णांवर जोरदार +१. आणि एंडप्लेटच्या तोंडाला रंग लावताना सांभाळा. रंगाचा ओघळ वाळला की तोही पाचरीसारखाच वागतो.

पिनांच्या अंतराबद्दल: २०० का? जितक्या लांब तितकं नेमकं ना?

कानसवाला

ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब करा. भोकात ०.२ मिमी ढिलाई आहे आणि पिना २०० मिमी अंतरावर आहेत. प्लेट जास्तीत जास्त हजारात एक एवढी कलेल. १६.५ मिमीच्या गेजवर त्याचा परिणाम ०.०१७ मिमी. दिसतही नाही. म्हणजे लांब ठेवून मिळवण्यासारखं काही नाही. गमावण्यासारखं मात्र आहे. तापमान १५ अंशांनी बदललं तर २०० मिमी अॅल्युमिनियम साधारण ०.०७ मिमी वाढतं, ५०० मिमी असेल तर ०.१७. एकाने जिग थंडीत वापरली, दुसऱ्याने भर उन्हाळ्यात, की भोकांच्या अंतरात फरक आलाच. लाकूड दमटपणाने फुगतं ते आणखी वेगळं. प्लाय कमी फुगतं, एमडीएफ फार. पिना जवळ ठेवा, बोल्ट लांब ठेवा.

रूळकरी

हे मी उलटंच करणार होतो. :) एक शंका. जिभेचं माप १६.५ ठेवलं तरी तयार रुळाचं गेज बहुधा किंचित सैल असतं. मग जीभ आत हलेल. जीभ वर जाड, खाली निमुळती केली तर ती आपोआप मध्यावर बसेल का?

कानसवाला

मध्यावर बसेल, पण निमुळती जीभ किती खोल उतरेल ते गेजवर ठरेल आणि खांदे रुळावर टेकणारच नाहीत. मध्य मिळाला, उंची गेली. दोन्ही एकाच भागाकडून मागू नका.

याचा उपाय जिगमध्ये नाही, क्रमात आहे. बहुतेक लोक रूळ टाकून मग भोकं पाडतात. मी म्हणतो, भोकं आधी, रूळ नंतर. प्लेटमध्ये पिनांची भोकं पाडताना जिग वरच्या कडेवर अंदाजाने मध्यावर धरा, एक-दोन मिमी इकडेतिकडे गेलं तरी चालेल. मॉड्यूल पूर्ण होऊ दे. मग त्याच भोकांत पिना घालून जिग परत लावा. आता ठोकळा रुळाच्या जागेवर आलाय. शेवटचे स्लीपर तांबं चढवलेल्या पीसीबीचे (सर्किट बोर्डाचे) घ्या, दोन्ही रूळ आतून जिभेला आणि वरून खांद्यांना दाबून धरा आणि सोल्डरचा डाग द्या. रुळाचं टोक जिगनेच ठरवलं. प्लायची कड, मधली रेषा, तयार रुळाचं गेज, यातल्या कशाचाच आता संबंध नाही.

पीसीबी नको असेल तर प्रत्येक रुळाखाली एक पितळी स्क्रू, डोकं वर-खाली फिरवून रुळाला टेकवा आणि त्यावर डाग द्या. उंची साधायला हे उलट सोपं पडतं.

डाग देताना अॅल्युमिनियमची जीभ सगळी उष्णता पिऊन टाकते. जीभ बेकेलाइटची करा.

लाकूडतोड्या

म्हणजे जिगचं दुसरं काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. हे पटलं. रूळ पक्का झाल्यावर माथ्याच्या आतल्या कडेला टोकापाशी कानशीचे दोन हलके हात मारा, म्हणजे उरलासुरला फरक चाक गिळून टाकतं.

आणि आणखी एक पायरी पुढे जातो. प्लायमधलं नुसतं भोक शंभरदा पिन घातल्या-काढल्यावर सैल होणारच, तिथे धातूचं बुश हवं. मग भोक नेमकं पाडायची तरी काय गरज? १२ मिमी बाहेरचा व्यास असलेल्या बुशसाठी १४ चं भोक पाडा, वेडंवाकडं चालेल. जिगच्या पिनांवर बुश चढवा, पिनांना आणि जिगच्या तोंडाला मेण चोळा, बुशभोवती इपॉक्सी भरा आणि जिग प्लेटवर आवळून रात्रभर सोडा. सकाळी पिना ओढल्या की बुश जिथे जिगने सांगितलं तिथेच बसलेलं असतं.

शंटर

म्हणजे ड्रिलिंग जिगचा धागा काढून शेवटी निष्कर्ष काय, तर ड्रिलिंग कसंही करा. धन्य आहे.

पिना सुट्या ठेवणार असाल तर डझनभर जास्तीच्या बनवा. आमच्याकडे त्या दर वेळी कुणाच्या तरी खिशातून त्याच्या घरी जातात.

सुरंगी

सुट्या नकोतच. बाहेरून बघताना डावीकडच्या बुशमध्ये पिन कायमची पक्की करा आणि उजवीकडचं बुश मोकळं ठेवा, हे सगळ्यांच्या सगळ्या एंडप्लेटना. माझी डावी पिन समोरच्याच्या उजव्या बुशमध्ये जाते आणि त्याची माझ्यात. फिरवून लावा, कुणालाही लावा, नर-मादी जुळतेच. पिनेचं पुढचं टोक गोल करा आणि बाहेर १० मिमीच काढा. लांब पिना मॉड्यूल उचलताना वाकतात.

रूळकरी

मंडळी, जिग झाली. १६ मिमी प्लेट, डिन १७९ ची बुश, बेकेलाइटची जीभ, सगळं वर सांगितलंय तसं. उलटवून तपासताना मजा आली. पहिल्या तोंडाने भोकं पाडली, जिग फिरवली, पिना घातल्या तर दोन्ही अर्ध्यावर अडकल्या. टॉर्च मारून बघितलं तर दोन्ही बुशमधून प्लायची चंद्रकोर दिसत होती, दोन्हीकडे एकाच बाजूला. म्हणजे उंची बरोबर होती, फक्त मध्य सरकलेला. फीलर गेजची पात सरकवून बघितली तर ०.३ च्या आसपास. स्क्रू ढिले केले, ठोकळ्याला एका बाजूने ०.१५ ची पात लावून तेवढाच ढकलला, आवळला. नव्या तुकड्यावर पिना हाताने गेल्या आणि उलटवल्यावरही गेल्या. मग ठोकळा परत हलू नये म्हणून त्यात दोन बारीक खुंट्या ठोकल्या.

लाकूडतोड्या यांची इपॉक्सीची पद्धत घेतोय. वेळ लागतो, पण प्रत्येकाचं ड्रिल आणि प्रत्येकाचा हात सारखा नाही हे मला माहीत आहे. प्रश्न एवढाच उरला की जिग एक आणि माणसं अनेक. प्रत्येकाला एकेक नक्कल करून द्यावी म्हणतो.

कानसवाला

द्या, पण प्रत्येक नक्कल तुमच्या मूळ जिगवरूनच करा. नकलेवरून नक्कल काढत गेलात की चौथ्या माणसापर्यंत चूक साचते. मूळ जिगच्या बुशमध्ये ड्रिल घालूच नका यापुढे, फक्त पिना. नकलांची बुशही इपॉक्सीनेच बसवा, पिना मूळ जिगच्या. जीभ मात्र प्रत्येक नकलेची वेगळी जुळवायला लागेल आणि उलटवून तपासणीही प्रत्येकाची वेगळी करायची.

आणि नकला प्लायच्या किंवा थ्री-डी प्रिंटच्या करणार असाल तर बुशशिवाय करू नका. ड्रिलची धार प्लास्टिक खरवडत जाते, दहाव्या भोकापर्यंत आठचं साडेआठ होतं.

सुरंगी

जाता जाता माझा स्वार्थ. तीच प्लेट ठेवून जीभ ९ मिमीची लावली तर एनला चालेल का? आमचा रूळ कोड ५५ (रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात) आहे, काहींचा कोड ८०.

कानसवाला

चालेल. उंची रुळाच्या माथ्यावरून धरलीय, त्यामुळे ५५ आणि ८० एकमेकांना जुळतील, खालची भर ज्याची त्याने कमी-जास्त करायची. ठोकळा मात्र पूर्ण वेगळा करा, त्याच ठोकळ्यात जीभ बदलायची सोय करू नका, दर वेळी मध्य हलेल. तुमची फ्लँज आणखी बुटकी, तेव्हा उलटवल्यावर पिन नुसती जाऊन उपयोग नाही. दोन्ही तोंडांनी सारखीच सैल जातेय का ते बघा.